अमळनेरचं ऊन

शहाऐंशीच्या मे महिन्यात मी जळगाव स्टेशनवरून आसामला निघाले, तेव्हा फलाटावरचा बाकही चटके देत होता. लग्नाला दोन महिने झालेले. यांना वरच्या आसामात तेलाच्या विहिरींवर नोकरी लागली होती. आई पदरानं माझ्या तोंडावरचा घाम पुसत म्हणाली, "सुटनी माय तू! तठे आसं ऊन नही." खरं सांगते, रडता रडता मलाही तसंच वाटलं. अमळनेरच्या उन्हाला मी जन्मभर शिव्याच दिल्या होत्या.

पहिले सहा महिने हिरवळ बघण्यात गेले. मग कळलं, तिथं काही म्हणजे काही वाळत नाही. मिठाला पाणी सुटायचं, काडेपेटी पेटायची नाही, लग्नाच्या शालूवर बुरशीचे ठिपके. अजय झाला तेव्हा त्याचे लंगोट शेगडीवर धरून वाळवत बसायचे. लेकराच्या अंगाला सदा धुराचा वास. एकदा हट्टानं बिबड्या घातल्या, आपल्या ज्वारीच्या, ओल्या कापडावर थापून. चौथ्या दिवशी त्यांच्यावर हिरवी लव आली. टाकताना मला रडू फुटलं. शेजारच्या बरुआबाई धावत आल्या, म्हणाल्या, "रोती क्यूं है? बाजार में पापड मिलता है ना!" 

अजय दोन वर्षांचा झाला आणि मी यांना बजावलं, "बदली घ्या, नाहीतर मी माहेरीच राहते." त्यांनी रजा काढली. मे महिन्यात आम्हाला अमळनेरला पोचवून एकटे परतले.

पहिल्याच दुपारी मी गच्चीवर जाऊन बसले. आई जिन्यातून ओरडली, "येडी व्हयनी का? कशाले बठनी उन्हमा?" मी हसत राहिले. दोरीवरचं लुगडं अर्ध्या तासात कडकडीत वाळलेलं, त्यात तोंड खुपसून वास घेतला. दुसऱ्या दिवशी बिबड्या घातल्या. संध्याकाळी त्या कापडावरून सोडवताना कडकड वाजत होत्या. आठवडाभर आई शेजारणींना सांगत होती, "पोर आते आठेच राहीन." मीही तेच धरून चालले होते.

अजय मात्र दुपारी झोपेना. रोज रडायचा. एके दिवशी हुंदके देत म्हणाला, "पाऊस कुठं गेला?" आमचं तिकडचं घर पत्र्याचं. जन्मल्यापासून तो पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात झोपलेला. मी आईला हे सांगितलं.  ती उठली, घमेलं पालथं घातलं, सुपात ज्वारी घेतली आणि बारीक धारेनं त्यावर सोडू लागली. तडतड, तडतड. अजय रडायचा थांबला. डोळे मिटले. तो झोपला तरी आई सूप रिकामं होईपर्यंत धार सोडत होती.

मग खाली बसून दाणे गोळा करता करता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोऱ्यानं घर तठे शे. तू जाय."

जूनमध्ये मी आसामला परतले. त्याला आता नऊ वर्षं झाली. इथं मी ओलीच्या नावानं बोटं मोडते, मेमध्ये अमळनेरला गेले की उन्हाच्या. बरुआबाई हसतात, आईही हसते. जिथं हक्कानं कुरकुर करता येते ते आपलं घर, असं मी धरून चालते. अशी घरं मला दोन आहेत.