अक्काचा डूख

शिरपूरची माझी आत्या, जिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, कुणाचं वाईट विसरत नसे. एका भाजीवाल्यानं भरिताच्या वांग्यांत किडकं वांगं खपवलं, तर तो गाव सोडून जाईपर्यंत अक्का त्याच्या गाडीसमोरून मान वळवून जात राहिली. डूख धरल्याशिवाय माणसं सुधरत नाहीत, असं तिचं मत.

बांगड्यांच्या दुकानात जन्मभर मांडी घालून बसल्यानं तिची कंबर धरली. बाजारातल्या डॉक्टरानं कडक गोळ्या दिल्या. दुखणं दबलं, पण डोकं गरगरायला लागलं. तिनं जाऊन सांगितलं. वय झालं, असं म्हणत त्यानं तीच गोळी चालू ठेवली. एका सकाळी मोरीतून बाहेर येताना अक्काचा तोल गेला आणि खुब्याचं हाड मोडलं.

धुळ्याला ऑपरेशन झालं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या गोळ्यांनी म्हाताऱ्या बायकांना चक्कर येते; आधी हाडं तपासायला हवी होती, व्यायाम शिकवायला हवा होता. मी परत येऊन डॉक्टरला जाब विचारला. ते सगळं अक्कांना परवडलं नसतं, म्हणून स्वस्तातलं दिलं, असं तो शांतपणे म्हणाला.

मी हे घरी येऊन सांगितलं, तेव्हा अक्का रडली नाही. "माले काय परवडस, ते सांगणारा तो कोन शे?" एवढंच बोलली.

वॉकर धरून चालता येऊ लागल्यावर ती रोज त्या दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसू लागली. तिथं येणाऱ्या बहुतेक म्हाताऱ्यांच्या हातात तिनंच कधीतरी बांगड्या भरलेल्या. प्रत्येकीला ती जवळ बसवून आपल्या मांडीवरचा ऑपरेशनचा व्रण दाखवायची. "गोळी सस्ती शे, हाडूक महाग शे," म्हणायची. गोळी विचारून घ्या, चक्कर आली तर गप्प बसू नका, हे बजावायची. कंपाउंडरनं उठवलं, तर मी पण पेशंटच आहे म्हणायची. दवाखाना ओस पडत चालला.

शेवटी डॉक्टर घरी आला. चुकलं म्हणाला, आता बाकावर येऊ नका म्हणून हात जोडले.

"मी जित्ती शे, तवलोंग येसू," अक्का म्हणाली, आणि मरेपर्यंत रोज बाकावर जाऊन तिनं शब्द पाळला.

ती वारल्यावर डॉक्टर आमच्या घरी भेटायला आला. म्हाताऱ्या बायकांना आता तो चक्कर येते का हे आधी विचारतो, जपून औषध देतो, असं लोक सांगतात. असेल. दारात आलेल्याला पाणी द्यायची आमच्या घरची रीत आहे. त्याला मी पाणी दिलं नाही.