मऊ टायर

मोटार हाकताना साहेबांचा ड्रायव्हर मान कधी वळवत नसे. साहेबांच्या त्या मोठ्या मोटारीला नवे टायर घ्यायचे ठरले, तेव्हा कचेरीचा कारकून म्हणून मी त्याच्याबरोबर पुण्याला गेलो. दुकानदार जाड, टणक टायर पुढे करत होता. हा प्रत्येकावर अंगठा दाबी, थाप मारी आणि कान लावून ऐके. शेवटी त्याने सगळ्यांत मऊ टायर काढायला लावले.

"घाटात लवकर झिजतील," मी म्हणालो.

"झिजू द्या. गाडीत आवाज न्हाई पायजे."

साहेब खूष झाले. मागे बसून आता निवांत बोलता येतं, म्हणाले.

महिन्याभराने तो मला कचेरीच्या पायरीवर भेटला. "तुमची आंबवड्याची बदली टळली," तो म्हणाला. तसा हुकूम अजून निघायचा होता.

"तुम्हांला कुणी सांगितलं?"

त्याने सावकाश विडी पेटवली. "टायर लई बेस निगाले."

पुढच्या आठवड्यात साहेबांनी मला मोटारीत मागे आपल्या शेजारी बसवलं आणि कचेरीत कामचुकार कोण, ते विचारलं. मी समोरच्या त्या न वळणाऱ्या मानेकडे पाहिलं आणि किकवी गाव येईपर्यंत भाताच्या पिकाबद्दल बोलत राहिलो.