‘खराब’ नावाचा फोल्डर

आमच्या पहिल्या कॉम्प्युटरवर पॉवरलूमच्या कापडाचा अभ्रा असायचा आणि आतल्या फोटोंवर माझं राज्य. प्रत्येक हळदीचा वेगळा फोल्डर, त्यावर नवरदेवाचं नाहीतर नवरीचं नाव. आमच्या भिवंडीकडे लग्नापेक्षा हळद मोठी, त्यामुळे फोल्डरांना तोटा नव्हता. मुंडकी कापलेले, हललेले, नेम चुकलेले फोटो मी ‘खराब’ नावाच्या फोल्डरमध्ये ढकलायचे. जागा भरत आली की तो उडवायला बसायचे आणि बाबा आडवे यायचे.

"राहू दे. तुझे डोक्यावर हायेत काय?"

वाकडा खिळासुद्धा डब्यात जपून ठेवणारा माणूस. माझा नुसता संताप व्हायचा.

पुढे राहनाळच्या आत्याने जागा गोडाऊनला दिली, घर पाडलं आणि ती आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायला आली. लिफ्टचं, नळाच्या पाण्याचं तिला भारी कौतुक. एका दुपारी मात्र ती माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसली.

"बाय, मना माझे घराचा फोटू काडून दे. भायेरून. पडवी दिसली पायजे." मग आवाज बारीक करून म्हणाली, "मना ती आता नीट आठवत न्हाय."

मला वाटलं, हातासरशी होईल. तिच्या मुलाच्या हळदीचा फोल्डर उघडला. माणसंच माणसं, सगळी पिवळी. मुलीच्या हळदीतही तेच. घराचा फोटो कोण कशाला काढतंय? आत्या दर फोटोत लोकांच्या खांद्यामागे काही दिसतं का म्हणून मान वाकडी करून बघत होती. तिच्याकडे बघून मलाच गलबलून आलं.

शेवटी नाइलाजाने ‘खराब’ उघडला. कॅमेऱ्याचा नेम माणसांवरून चुकला होता, तो सगळा घरावर जाऊन बसला होता. एका फोटोत तर निळ्या भिंती, अख्खी पडवी, दोरीवर आत्याचं लुगडं आणि कडेला हळदीत वाजवायला आलेला अर्धा बेंजोवाला.

"ही बग माझी पडवी," आत्या म्हणाली आणि पदराने डोळे पुसत हसली. मागे उभे बाबाही मिशीत हसत होते. त्या दिवशी मी त्यांना हसू दिलं.

प्रिंटला देण्याआधी मी विचारलं, "कडेचा हा बेंजोवाला कापून टाकू?"

"नको गो. राहू दे त्याला," आत्या म्हणाली. "मानसाबिगर माझी पडवी कवाच नव्हती."