आईचं ‘जायचंय’

आमच्या घरात ‘लघवी’ हा शब्द कधी कोणी उच्चारला नाही. खापरपणजोबा इथे हिंदी मुलखात येऊन दरबारात कारकून झाले, त्यामुळे आम्ही खानदानी. अन् खानदानी माणसाला लघवी लागत नाही, त्याला नुसतं ‘जायचं’ असतं. आई जन्मभर तेच म्हणत आली. लग्नात, बसमध्ये, दवाखान्यात, हळूच कानाशी, “मला जायचंय.” पुढचं ज्याचं त्याने समजून घ्यायचं.

तिचे गुडघे गेले अन् पोचायला उशीर व्हायला लागला. दोष म्हणाल तर एवढाच. लागलेली तिला कळायची, पण वॉकर धरून, साडी सावरून बाथरूम गाठेपर्यंत अर्ध्या वाटेतच काम व्हायचं. एकदा पाहुण्यांसमोर सोफा भिजला. वहिनीने दुसऱ्या दिवशी सोफ्यावर प्लास्टिक घातलं अन् दुपारनंतर आईचं पाणी बंद केलं. कमी पितील तर कमी होईल, हे तिचं गणित. पलासियाच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, पाणी तोडू नका, जळजळ वाढेल, इन्फेक्शन होईल. साडीऐवजी गाऊन घाला अन् लागो न लागो, दर दोन तासांनी घेऊन जा. दादा मान हलवत होता. मान हलवायला काय जातं त्याचं.

नेणार कोण? दादा ऑफिसात, वहिनी भंवरकुआंला कोचिंगमध्ये शिकवायला. मग डायपर आला. डायपर आला तशी वहिनीची नवी तक्रार आली. आपलं शहर पडलं स्वच्छतेत पहिलं, कचरागाडीत डायपर वेगळा द्यावा लागतो. “तो गाडीवाला अख्ख्या कॉलनीसमोर विचारतो, मॅडम, डायपर अलग रखा क्या? मेल्याहून मेल्यासारखं होतं मला.” मेल्याहून मेल्यासारखं आईला होत होतं, पण तिला विचारतो कोण.

मी म्हटलं, माझ्याकडे चल. तर आईच ऐकेना. “लेकीच्या दारात नाही राहायचं मला. हे घर ह्यांनी बांधलंय, मी इथेच बरी.” अन् त्याच घरातून दादाने तिला बायपासकडच्या एका वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं. “हे कंट्रोलमध्ये आलं की लगेच आणतो, आई,” असं माझ्यासमोर म्हणाला. तिची खोली महिन्याभरात वहिनीच्या ऑनलाइन क्लासची खोली झाली.

मी दर रविवारी जायचे. जाईन तेव्हा आई ओल्या डायपरमध्ये बसलेली, मांड्या सोलवटून लाल झालेल्या. तिथली आया म्हणाली, “दीदी, अम्मा बताती नहीं हैं, बस कर देती हैं.”

आईला विचारलं, का गं सांगत नाहीस?

“सांगते की. सारखी सांगते. त्या म्हणतात, कल चलेंगे.”

मला काही कळेना. मग माझ्या डोळ्यांदेखत झालं. आईने आयेला बोलावून तिच्या खानदानी हिंदीत सांगितलं, “मुझे जाना है.” आयेने तिच्या गालावरून हात फिरवला. “हाँ अम्मा, भैया आएँगे लेने. कल चलेंगे घर.” आई ओठ घट्ट मिटून बसून राहिली, अन् थोड्या वेळाने तिने मान खाली घातली. झालं होतं.

त्या बाईची तरी काय चूक? तिथे सगळेच म्हणतात, जाना है. अन् सगळ्यांना हेच उत्तर द्यायचं असं त्यांना शिकवलेलं. तरी माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी आईला म्हटलं, अगं, सरळ ‘पेशाब’ म्हण ना. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मी शिवी दिली. “शोभतं का असं बोलणं?” म्हणाली. ओल्यात बसेल, पण तो शब्द तोंडातून काढणार नाही.

मग मीच सगळ्या आयांना पढवलं. अम्मा ‘जाना है’ बोले, तो मतलब बाथरूम. घर नहीं, बाथरूम. अन् नाही बोलली तरी दर दोन तासांनी न्यायचं. त्यांनी इमानदारीत केलं, खोटं कशाला बोलू. मांड्या सुकल्या. दिवसाचा डायपर सुटला. आई पेलाभर पाणी बिनधास्त प्यायला लागली.

मी दादाला फोन केला. “कोरडी असते आता. आण तिला घरी.”

“बघू गं,” तो म्हणाला. “आत्ताच तर सेट झालीये, उगाच डिस्टर्ब नको करायला.”

ओली होती म्हणून नको होती, आता कोरडी आहे म्हणून तिथेच बरी. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. मी त्याला हे तोंडावर सांगितलं, त्याने फोन ठेवला.

परवाच्या रविवारी गेले तर आई खुर्चीत बसली होती. अंगावर गाऊन नाही, इस्त्रीची साडी. मांडीवर पर्स. माझं मनगट धरून म्हणाली, “मला जायचंय.” आया लगोलग वॉकर घेऊन आली, घेऊन गेली, परत घेऊन आली. “कुछ हुआ नहीं, दीदी.” आई टेकली न टेकली तोच पुन्हा म्हणाली, “मला जायचंय.”

“आजकल दिनभर यही चलता है,” आया म्हणाली. “हर बार ले जाते हैं, होता कुछ नहीं.”

आई बाथरूमकडे बघतच नव्हती. फाटकाकडे बघत होती. त्या बायकांना मीच पढवलं होतं, घर नहीं, बाथरूम.

तिच्यासमोरच दादाला फोन लावला. म्हटलं, “दादा, आई जायचंय म्हणतेय.”

मागे ट्रॅफिकचा आवाज होता. तो वैतागून म्हणाला, “मग मला काय फोन करतेस? बाथरूमला घेऊन जा ना तिला.”