तिच्या आईचं दुखणं

सकाळी चंदा, माझी पोरगी, भांडी घासत होती आणि तिचे ओठ हलत होते. समोर कोणी नव्हतं. माझा चहा हातातच राहिला. तिची आई आजाराच्या सुरुवातीला अशीच बोलायची. तिला आवाज ऐकू यायचे. स्किझोफ्रेनिया म्हणतात त्याला. ती जाऊन आठ महिने झाले.

डॉक्टरीणबाईंना मी सरळ विचारलं होतं, पोरीला होईल का? त्या म्हणाल्या, "आईला असलं की मुलांना धोका जास्त असतो खरा, पण बहुतेकांना होत नाही." म्हणजे चंदाला आईचं नाक आलंय, पण नाकाबरोबर सगळंच येतं असं नाही. हे मला कळतं. तरी पोरगी गप्प बसली की मी भितो आणि एकटीच हसली तरी भितो. बापाचं असं टक लावून बघणं तिला कसं वाटत असेल, कोण जाणे.

"कोणाशी बोलतेस गं?"

"रविवारी मला बघायला येणारेत ना? त्यांना आईचं कसं सांगायचं ते घोकतेय. तुम्ही तर सगळ्यांना सांगता, ताप डोक्यात गेला होता म्हणून."

ती म्हणाली ते खोटं नव्हतं. सोयरीक जमवताना आमच्याकडे असंच सांगतात.

"आणि मोडलं तर?"

"मोडू दे. लग्नानंतर कळून रोज टोमणे खाण्यापेक्षा बरं."

मी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हटलं, "तू नको सांगूस. बायको माझी होती. मी सांगतो."