कतरीनची जागा

आरोंद्याच्या आमच्या धक्क्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडे गोव्यातली इगर्ज, म्हणजे चर्च, दिसते, पांढरीफटक. तिच्या मागच्या मसणवटीत इनास मेस्तची बायको कतरीन पुरलेली. आमच्या वाडीतली चार ख्रिस्ती घरं पिढ्यान्‌पिढ्या त्याच इगर्जीची. जिवंतपणी होडीने जायची, मेल्यावरही होडीनेच. होडी आमची, वल्हवायला माझा नवरा बाबली.

तिथली एक रीत होती. मेलेल्यांच्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, घरच्या माणसाने येऊन मेणबत्ती लावायची. ज्या थडग्याच्या फोंडाकडे काही वर्षं कोणी फिरकत नाही, तो उकरून दुसऱ्याला देतात आणि जुनी हाडं भिंतीकडच्या सामाईक खड्ड्यात. इनासदादाला मूल ना बाळ, तो एक साल चुकवीत नसे. फणसाच्या लाकडाचा खुरीस, क्रूसच म्हणा, त्याने स्वतःच्या हाताने घडवून तिथे रोवला होता. "मी मेलंय काय तिच्याच फोंडात," म्हणायचा. "तिच्या वरची जागा माजी."

आता मोठ्यांची करणी बघा. शेकडो वर्षांपूर्वी रोमच्या पोपने पोर्तुगालच्या राजाला सांगून टाकलं होतं, तिकडचे बिशप तूच ठरव, इगर्जी तूच सांभाळ. त्यात आमची सावंतवाडी संस्थानातली वाडीही गोव्याच्या दावणीला. देश स्वतंत्र झाला तसं दिल्ली म्हणाली, परक्या राजवटीचा हात आमच्या मुलखात कशाला? बरोबरच होतं म्हणा. पोप आणि पोर्तुगाल यांनी बसून मिटवलं, आणि त्रेपन्न साली आमची वाडी गोव्याकडून काढून बेळगावच्या नव्या बिशपला दिली. जिवंत माणसं इकडे, मेलेली तिकडेच. वशाड पडो मेल्यांवर! कतरीनला कोणी विचारलं होतं?

पुढे दोन वर्षांत सरहद्दच बंद झाली. बाबलीची होडी उपडी पडली आणि इनासदादाची झोप उडाली. तो सावंतवाडीला नव्या पाद्र्याकडे गेला. म्हणाला, फोंड उकरू नका एवढंच पलीकडे कळवा. पाद्री भला माणूस, पण काय करणार? "ती इगर्ज आता आपल्याकडे नाही, इनास. मी बेळगावला लिहीन, बेळगाव रोमला लिहील, रोम गोव्याला."

परतून आमच्या घरी आला तो हसतच. "गो आनंदी, इगर्ज ही समोर दिसता, आणि वाट म्हणे रोमावरसून!" हसता हसता रडायला लागला. मी पेज वाढली, ती तशीच राहिली.

उत्तर काही आलं नाही. मग दर दोन नोव्हेंबरला तो करवंटीत मेणबत्ती लावून धक्क्यावर बसायचा, एकटाच, पलीकडे तोंड करून. एका साली नव्या पोलिसाने त्याला चोरट्या मालाची खूण करतो म्हणून चौकीवर नेला. मी गेले आणि पदर खोचून विचारलं, "बायकोक दिवो दाखयता तो, तुजा काय गेला रे?" सोडला मेल्याने.

एकसष्टच्या डिसेंबरात गोवा मोकळा झाला. बाबलीने होडी काढली, मीही गेले. खुरीस जागेवर होता. इनासदादा लगबगीने पुढे गेला नि थबकला. कतरीनचं नाव तासून वर दुसऱ्याच बाईचं नाव घातलेलं.

मी तिथल्या घंटा वाजवणाऱ्याच्या अंगावरच धावले. इनासदादाने हात धरला. "तेचो काय दोष गो? आमीच इलंव नाय." मग घंटावाल्याला विचारलं, "ह्या बायचा कोण येता?" तो म्हणाला, तिचा मुलगा आफ्रिकेत, कोणी येत नाही. इनासदादाने आणलेली मेणबत्ती तिथेच लावली. सामाईक खड्ड्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

परतताना होडीत तो म्हणाला, "आनंदी, आता माका खंय पुरतले गो?"

 

चौसष्ट साली गेला. वाडी आता बेळगावच्या बिशपची, म्हणून सावंतवाडीला नेऊन पुरला. मी जाऊन बघून आले. जागा चांगली आहे, झाडाची सावली आहे. पण साऱ्या मसणवटीत त्याच्या ओळखीचं एक मडं नाही.