ताईचा फोटो आणि नानांची घाई

फोटोवाल्या नानांचा स्वभाव उतावळा. कॅमेऱ्यातला फोटो संगणकावर उघडला रे उघडला, की पहिलं काम शार्पनिंगचं, म्हणजे फोटोला धार लावायचं. पापणीचा केस न् केस मोजता आला की स्वारी खूश. मग रंग, मग उजेड, मग आकार. आणि मध्येच हात शिवशिवला की पुन्हा थोडं शार्पनिंग.

त्या दिवशी मात्र गाठ थोरल्या बहिणीशी होती. ताई दुसऱ्या दिवशी लेकीकडे कायमची राहायला निघाली होती आणि तिचा मोठा फोटो स्टुडिओच्या भिंतीवर लावायचं नानांनी मनात धरलं होतं. मोठ्या मिनतवारीने ती खुर्चीत बसली खरी, पण जाताना बजावून गेली, "संध्याकाळी बघायला येते. मला आवडला नाही तर भिंत मोकळीच राहील हो!"

दुपारी प्रिंटरमधून कागद बाहेर आला. नानांच्या बायकोने तो उचलला आणि कपाळाला हात लावला.

"अहो, वन्संच्या डोक्याभोवती ही पांढरी रेघ कसली? आणि गालांवर वाळू पेरलीत का?"

"कॅमेऱ्यातच काहीतरी असेल."

"कॅमेऱ्याला कशाला बोल लावता? तुम्ही आधी धार लावलीत आणि मग फोटो एवढा मोठा केलात. त्याबरोबर धारेने उठलेल्या रेघा आणि दाणेही फुगले."

मूळ फोटो शाबूत होता, एवढंच नशीब. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. आधी सावलीतले बारीक दाणे पुसले, रंग जुळवले, कडा कापल्या, चौकटीच्या मापाला फोटो मोठा केला. दर वेळी नानांचा हात शार्पनिंगकडेच वळे आणि शेजारी बसलेली बायको खाकरे.

"अगं, डोळे किती पुसट दिसताहेत!"

"दिसू देत. अजून वेळ आहे."

सगळं आटोपल्यावर, अगदी शेवटी, बेताचं शार्पनिंग झालं. डोळ्यांना, केसांना, चष्म्याच्या काडीला. गालांना हातसुद्धा लावला नाही.

संध्याकाळी ताईने प्रिंट हातात घेतली. चष्मा सारखा करून ती डोळ्यांजवळ धरली.

"सुरकुत्या आहेत की सगळ्या," ती म्हणाली.

"आहेत गं. एकही काढली नाही."

"बरं केलंस. नाहीतर लोक विचारत बसले असते, ही कोण म्हणून. मागे एकदा माझा फोटो काढला होतास, त्यात मात्र सुरकुत्यांचे चर खणले होतेस, मेल्या!" तिने भिंतीकडे पाहिलं. "खिळा जरा वर ठोक. खाली लावलास तर गिऱ्हाइकांची डोकी आड येतील."